बाईंचं अर्धं वाक्य

काहीही विचारलं की बाई उजवा पंजा पालथा धरून होडीसारखा डोलवायच्या आणि म्हणायच्या, "कल आहे. खात्री नाही."

इकडे आखातात, अल हैलमध्ये त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. नोकरी विमा कंपनीत. समुद्र किती तापलाय, वारे कसे आहेत ते पाहून येणारा वादळांचा मोसम कसा जाईल, याचा काही महिने आधी अंदाज बांधायचा, हे त्यांचं काम. मूळच्या पुण्याच्या, पण ठामपणा तिकडेच ठेवून आलेल्या. एकदा माझ्या बायकोने विचारलं, "आमटीत मीठ बरोबर आहे ना?" बाईंचा पंजा डोलला. बायकोने वाटी उचलली. "अहो काकू, छान झालीय!" म्हणत बाई तिच्यामागे स्वयंपाकघरापर्यंत धावल्या.

मी इथल्या मराठी मंडळाचा सचिव. दर मोसमाआधी मंडळात बाईंचं छोटं भाषण असायचं. पहिल्या रांगेत हुसेनभाई. हे रत्नागिरीचे, अल मवालेहच्या बाजारात कांद्याचे व्यापारी.

"बाय, तो समुद्र राहू दे. माझ्या गोदामात पाणी येल का, तेवढा सांग."

"भाई, या पोत्यात नासके कांदे कमी आहेत, एवढं मला सांगता येतं. तुमच्या हाताला पहिला कुठला लागेल, ते नाही."

"म्हंजे नाक धरूनच हात घालायचा ना!"

सगळ्यांत मोठ्याने बाईच हसल्या.

त्या वर्षी त्या म्हणाल्या होत्या, "यंदा वादळं नेहमीपेक्षा कमी होतील असं दिसतंय. पण आपल्याकडे वळलेलं एकही पुरेसं असतं, तेव्हा तयारी ठेवा." एवढं लांब मंडळाच्या ग्रुपवर कोण वाचणार? मी लिहिलं, "बाईंच्या मते यंदा वादळ नाही. निश्चिंत राहा."

संध्याकाळी लिफ्टमध्ये बाईंनी विचारलं, "काका, माझं अर्धं वाक्य कुठे गेलं?"

"उद्या दुरुस्त करतो," मी म्हणालो. तो उद्या उगवला नाही. त्या स्वतः लिहू शकल्या असत्या. पण वडीलधाऱ्या माणसाचं म्हणणं चारचौघांत खोडायचं कसं, हा त्यांचा संकोच. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण त्यांच्या संकोचावर आरामात जगतो.

मोसम खरोखरच शांत गेला. एकच वादळ आलं, ते नेमकं आमच्या किनाऱ्यावर.

"बाय, तुमच्या भरवशावर पोती खालीच ठेवली!" हुसेनभाई सगळ्यांदेखत म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात पाहिलं.

"चला भाई, कांदे वाळत घालू," एवढंच त्या बोलल्या, आणि बाह्या वर करून निघाल्या.

पुढे त्यांचं भाषण बंद झालं. त्या दिसल्या की स्वच्छ उन्हात कुणीतरी छत्री उघडायचं. त्याही हसायच्या. पण मोसमाचं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मला नाही हो कळत." पंजा पदराखाली.

यंदा त्या पुण्याला परत गेल्या. परवा बाजारात हुसेनभाई म्हणाले, "बाय सोन्यासारखी, पण त्या वर्षी चुकली."

"ती नाही चुकली," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

हुसेनभाई पोत्यावर बसले. "म्हंजे इतकी वर्षं मी छत्री भलत्याच माणसासमोर उघडली? यल्ला काका, चला, काढा फोन. ग्रुपवर लिवा."

मी लिहायला लागलो.

"थांबा. बाय आहे का ग्रुपवर?"

इथला देश सोडला की ग्रुपवरून नाव काढायचं, हा मंडळाचा नियम. नाव मीच काढलं होतं.

"आधी तिला घ्या. पाठीमागे माफी नाय मागत."

मी बाईंना पुन्हा ग्रुपवर घेतलं. पहिलं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात त्यांचाच संदेश आला, "काका, काय झालं? वादळबिदळ आलं का? सगळे बरे आहात ना?"