मसाईंच्या फेरात याडी

भावानं नैरोबीहून तिकिटं पाठवली, तेव्हा याडीनं एकच विचारलं, "तिथं ढोरं हायेत का?" आहेत म्हटल्यावर ती तयार झाली.

याडी म्हणजे आमची आई. आम्ही बंजारा, तांडा फुलसावंगीजवळ. मी यवतमाळला बँकेत नोकरी करते. बाबा गेल्यापासून याडी तांड्याबाहेर पडलीच नव्हती.

यवतमाळहून एसटीनं नागपूर, तिथून विमानानं मुंबई, मग नैरोबी. पिवळ्या तापाची लस आधीच टोचून घ्या, परत येताना तिचं कार्ड विचारतात. याडीनं ज्वारीचं पीठ सोबत घेतलं होतं. तिकडे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा पालेभाजीसोबत देतात, त्याला उगाली म्हणतात. तो खाल्ल्यावर तिनं ज्वारीचं पीठ भावाच्या बायकोला देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी भावाच्या गाडीनं मसाई मारा अभयारण्य. वाटेतल्या नारोक गावापर्यंत रस्ता चांगला, पुढचं विचारून निघा. सिंह दिसला. झोपला होता. आम्ही बराच वेळ थांबलो, तो झोपूनच राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मसाई या ढोरं पाळणाऱ्या जमातीच्या गावात गेलो. माणशी पैसे लागतात. फोटो त्यातच धरलेत का, ते फाटकावरच विचारा. काट्यांचं कुंपण, आत शेणानं लिंपलेली ठेंगणी घरं. जोसेफ नावाचा तरुण गाव दाखवत होता. ही घरं बायकाच बांधतात, असं तो म्हणाला. याडीनं भिंतीवर हात फिरवला.

"लिंपण बरं हाय."

मग बायका गाणं म्हणत फेर धरू लागल्या. खांदे उडवले की गळ्यातल्या मण्यांच्या चकत्या उडत. त्यांतल्या एका म्हातारीनं याडीचा हात धरला. याडीनं तो सोडवून घेतला.

आमच्या तांड्यात विधवा नाचत नाही. कोणी मना करत नाही, फक्त बघतात.

"माहा नवरा नाई राह्यला. सांग तिले," याडी भावाला म्हणाली.

भावानं ते इंग्रजीत जोसेफला सांगितलं, जोसेफनं म्हातारीला. उत्तर त्याच वाटेनं परत आलं. "ती म्हणते, तिचाही नाही. बाजूच्या दोघींचेही नाहीत."

याडीनं त्या दोघींकडे पाहिलं. "मंग लोक पाहत नाईत का, विचार."

म्हातारीनं मोबाईल उंचावून उभ्या असलेल्या आम्हा पाहुण्यांकडे हनुवटीनं दाखवत उत्तर दिलं. जोसेफ म्हणाला, "पाहतात. पैसे देऊन पाहतात."

याडीनं चपला काढून माझ्याकडे दिल्या आणि फेरात शिरली. आधी खांदे आखडलेले होते. मग पाय आपोआप आमच्या तांड्यातल्या ठेक्यावर पडू लागले आणि म्हातारीनं गाणं त्या ठेक्यावर आणलं. माझ्या एका हातात तिच्या चपला होत्या, त्यामुळे बरा फोटो एकच आला.

परतताना गाडीत ती भावाला म्हणाली, "तुहा बाप मस्त नाचे."

तांड्यात परतलो, तशी शेजारची सोनाकाकी फोटो पाहायला आली. तिचा नवरा ऐन तरुणपणी गेला. सिंह तिनं भराभर सरकवला. त्या एका फोटोवर थांबली.

"ह्या बाया कोन्या तांड्याच्या?"

"लांबच्या," याडी म्हणाली.

"अन् हे तू नाचून राह्यली?"

"हो."

काकी फोटोकडे बघत राहिली. याडी पदर सावरून बसली. आता काय ऐकावं लागेल, याची मलाही धास्ती होती. काकीनं मोबाईल माझ्या हातात दिला.

"मले काहून नाई नेलं?"