अंगठ्याच्या मापाचं जाकीट

आमच्या हिच्या काकांइतका मोजून जगणारा माणूस अख्ख्या जर्मनीत नसेल. आणि जर्मनीत नसेल म्हणजे इतरत्र शोधायचे कष्ट कुणी घेऊ नयेत. गेर्लिंगेनच्या एका कारखान्यात मोजमाप विभागात त्यांचा जन्म गेला. केसाच्या जाडीएवढा फरक निघाला तरी अख्खी पेटी परत पाठवायचे, आणि घरी वरण खारट झालं की काकूंना शांतपणे विचारायचे, "किती ग्रॅम?"

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात. काका चिनी शिकायला गेले. मुलानं चिनी मुलगी केली होती, आणि सुनेच्या आईशी, म्हणजे तिकडच्या विहीणबाईंशी, दोन शब्द आपले आपण बोलायचेच असं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्या वर्गात त्यांना त्सुन भेटला. त्सुन म्हणजे चिनी इंच. तिथले वैद्य तो रोग्याच्याच अंगठ्याच्या रुंदीनं मोजतात, असं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं आणि काका पार विरघळले. "गेनाऊ, अगदी बरोबर. ज्याचं माप त्याच्या अंगठ्यानं. ह्याला म्हणतात न्याय." मग पोळी, बाल्कनीतले टोमॅटो, खिडकीवरचा बर्फ, सगळ्याला अंगठा लागू लागला. 'त्सुनइन' म्हणजे सावली इंचभर सरकेल एवढा वेळ, हे कळल्यावर बस उशिरा आली की घड्याळाऐवजी खांबाची सावली बघायचे. लाडवांचा डबा देताना म्हणायचे 'त्सुनशिन', म्हणजे इंचभर मन, लहानशी भेट. "अहो, निदान लाडू तरी मराठीत द्या," असं काकू म्हणायच्या.

विहीणबाईंनी नातीसाठी कापूस भरलेलं जाकीट हातानं शिवायचं ठरवलं आणि माप मागितलं. मुलगा म्हणाला, सेंटिमीटरमध्ये पाठवा. काका कुठले ऐकतात. "आल्झो, तर मग त्यांच्याच मापात देऊ. बरं वाटेल त्यांना." आणि पोरीला उभी करून त्यांनी आपल्या अंगठ्यानं माप घेतलं. आता शिंप्याचा त्सुन पट्टीवरचा असतो, काकांच्या अंगठ्याच्या जवळजवळ दीडपट. पार्सल आलं. लाल, सुंदर जाकीट पोरीच्या पोटऱ्यांपर्यंत. "आजोबा, आइन मांटेल," ती म्हणाली, म्हणजे हा तर कोट आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडलेला तो माणूस जाकीट मांडीवर घेऊन त्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिला. मला फार वाईट वाटलं. विहीणबाईंनी अधू झालेल्या डोळ्यांनी ते टाका टाका शिवलं होतं, हे काकांना ठाऊक होतं.

व्हिडिओ कॉलच्या आधी त्यांनी जाकिटाचा घेर आणि बाह्या आत दुमडून ते मागून पिनांनी आवळलं. समोरून अगदी बेताचं दिसत होतं. पण विहीणबाईंनी नातीला वळायला सांगितलं. सगळं उघडं पडल्यावर काकांनी निमूटपणे अंगठा कॅमेऱ्यासमोर धरला. तिकडून विहीणबाईंनी आपली पट्टी धरली आणि डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसल्या. मग काहीतरी बोलल्या. सुनेनं सांगितलं, "आई म्हणते, राहू द्या. ते हिला बसेल तेव्हा बघायला मीच येईन."

काकांनी हा पक्का टेर्मीन, ठरलेली भेटच, मानला. घर सोडून कुठे न गेलेल्या बाई येणार, म्हणून अतिथीखोलीचे पडदे बदलले. दर महिन्याला पोरीला जाकीट घालायचं, बाही मनगटाखाली किती उरली ते बघायचं आणि आपल्या मोडक्या चिनीत तिकडे कळवायचं. विहीणबाईंनी पासपोर्टही काढला होता. गेल्या हिवाळ्यात त्या थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन गेल्या.

परवा आम्ही गेर्लिंगेनला गेलो होतो. पोर आता चांगली उंच झाली आहे. काकांनी कपाटातून जाकीट काढलं, तिनं घातलं. खांद्यांत, लांबीत, कुठे म्हणून सैल नव्हतं. बाही बरोबर मनगटावर. काकांनी तिथे अंगठा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"अजून एक त्सुन मोठं आहे," ते म्हणाले.

पोरीनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. आणि हळूच आपला हात थोडा बाहीच्या आत ओढून घेतला.