बाबांसोबत कार्डवाल्या लेनमधून

मंडळी, अमेरिका-कॅनडाच्या डेट्रॉइट-विंडसर बॉर्डरवर आधीच तपासणी करून मिळणाऱ्या ट्रॅव्हलर कार्डाने खरंच वेळ वाचतो का, असं परवा इथे कोणीतरी विचारलं होतं. आज दुपारीच क्रॉस केलं, म्हणून लिहितोय.

माझ्याकडे आणि बायकोकडे, मीनलकडे, कार्ड आहे. पण गाडीतल्या प्रत्येकाकडे असेल तरच कार्डवाल्यांची ती झटपट लेन मिळते. बाबा विंडसरला ताईकडे राहायचे, वीकेंडला मी त्यांना आमच्याकडे आणायचो. त्यांनी कार्ड काढलंच नाही. त्यामुळे आम्ही कायम लांब रांगेत. मी वैतागलो की ते चिवड्याचा डबा पुढे करायचे. "खा रे. कुठली गाडी चुकतेय आपली?"

मागच्या आठवड्यात बाबा गेले. आज ताईकडून त्यांच्या अस्थी आणल्या. कलश मीनलच्या मांडीवर होता. सवयीने मी लांब रांगेकडेच वळलो. ती हळूच म्हणाली, "अरे, आता त्या लेनने जाता येईल."

ऑफिसरने दोन कार्डं बघितली आणि जा म्हणाला. तिसरं मागितलंच नाही.

तर हो, वेळ वाचतो. पुढे गेल्यावर मी गाडी बाजूला घेतली, आणि वाचलेला सगळा वेळ आम्ही तिथेच बसून राहिलो.