नंदी कोरडा आहे

ऑगस्टातल्या त्या सोमवारपासून आमच्या बैलतळात कुणी कुणाशी धड बोलत नाही. बोलायला जावं तर तोंडातून एकच निघतं, असं झालंच कसं? माझं इथे झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर माणसं येतात, कागद पुढे करतात आणि तेच विचारतात. कसं झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. डोकं ते मान्य करत नाही, एवढंच.

बैलतळ म्हणजे पुसदमधली, पूस नदीच्या काठावरची आमची वस्ती. बंजाऱ्यांचे तांडे मिठाची, धान्याची पोती लादलेले बैल घेऊन इथे उतरायचे, म्हणून हे नाव. पुढे कचेरीतल्या कारकुनांनी, वकिलांनी, मास्तरांनी चढावर घरं बांधली, ती वरची आळी. तांड्यातली जी माणसं बैल विकून इथेच राहिली त्यांची घरं पाण्यालगत, ती खालची आळी. खालच्या आळीतल्या अगदी शेवटच्या घरात मानीबाई राठोड राहायची. वरच्या आळीतून जाताना ती कुंदाकाकूंच्या दारात थांबून हटकून म्हणायची, "तुमच्या घराखाली आमच्या बैलाचे खुटे गाडेल हाय, मास्तरीणबाई. भाडं काढा!"

मास्तरीणबाई म्हणजे कुंदा पांढरीपांडे. नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या, पण निवृत्ती नुसती कागदावर. अर्धं बैलतळ त्यांच्या हाताखालून गेलेलं. मिशा पिकलेले लोकसुद्धा त्यांना पाहून तंबाखू-सुपारीचा खर्रा खिशात लपवतात. बाई तोंडानं फटकळ, पण मानीबाईच्या 'भाड्या'वर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "आत ये, चहा घे, त्यातच वळतं कर."

या काकूंकडे वस्तीचं एक काम होतं. घाटावर महादेवाचं देऊळ आहे, समोर दगडी नंदी, नंदीच्या गळ्यात कोरलेली घंटा. तांडेवाल्यांचा जुना नियम असा की त्या घंटेला पाणी लागलं की नदीत बैल घालायचा नाही. वस्तीनं तोच नियम घेतला. घंटेला पाणी लागलं की खालच्या आळीनं घरं सोडायची. नंदी सगळ्यात स्वच्छ दिसतो तो काकूंच्या गच्चीवरून. म्हणून काकूंच्या सासूबाई पुराच्या वेळी गच्चीवर उभ्या राहून पितळी थाळी बडवायच्या. सासूबाईंनंतर थाळी काकूंकडे आली. ती वाजली की मानीबाई शेळ्या आणि गाठोडं घेऊन काकूंच्या ओसरीवर हजर. मग चहा व्हायचा, दोघींचं भांडण व्हायचं, पाणी उतरायचं आणि मानीबाई घरी जायची. काकूंची थाळी कधी चुकली नव्हती.

मध्यंतरी देवळाचा जीर्णोद्धार झाला. समितीच्या अध्यक्ष अर्थात काकूच. नंदीवर कुत्री बसतात, पोरं चपला घालून चढतात, हे काकूंना सहन होत नव्हतं. त्यांनी ठरवलं, नंदी उंचावर बसवायचा. छातीएवढा ओटा बांधला, त्याला काळा ग्रॅनाइट लावला, क्रेन आणून नंदी वर ठेवला. मानीबाईनं स्वतः वाळूची घमेली वाहिली. सगळ्या वस्तीनं फोटो काढले आणि बुंदी खाल्ली. देखणाच दिसत होता नंदी.

त्या सोमवारी सकाळपासून पाऊस झोडपत होता. दुपारी पालिकेची भोंग्याची गाडी फिरली, नदीकाठच्यांनी घरं सोडा म्हणून. खालच्या आळीनं आधी गाडीकडे पाहिलं आणि मग काकूंच्या गच्चीकडे. थाळी वाजली नव्हती, त्यामुळे कुणी हललं नाही. वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, तर काकूंनी लगेच लिहिलं, "नंदी कोरडा आहे. अफवा पसरवू नका."

मी तेव्हा नदी बघायला म्हणून काकूंच्या गच्चीवरच गेलो होतो. तेवढ्यात मानीबाईचा फोन आला. काकू फोन नेहमी स्पीकरवर लावतात. मानीबाईची सून उज्ज्वला ओली बाळंतीण होती आणि मुलगा राजकुमार मालाची गाडी घेऊन घाटंजीच्या बाजाराला गेलेला.

"मास्तरीणबाई, नदी आज लई आवाज करून राह्यली. पोरीले आन् बाळाले घेऊन वर येऊ काय?"

काकूंनी चष्मा पुसून नंदीकडे नीट पाहिलं. "घंटेला पाणी नाही अजून. बाळंतिणीला अशा पावसात कुठं फिरवतेस? गारठेल ते लेकरू. घरीच बस, मी आहे ना इथं."

"तुमी हाय त मंग काय!" म्हणत मानीबाईनं फोन ठेवला.

थोड्याच वेळात मला मानीबाईच्या दारातून एक बाज बाहेर येताना दिसली. कुणी उचलून आणत नव्हतं. ती तरंगत होती. मी ओरडलो. काकूंनी घराकडे पाहिलं, नंदीकडे पाहिलं, पुन्हा घराकडे पाहिलं.

"घंटा कोरडी आहे रे," त्या मला म्हणाल्या. "तुला दिसते ना? कोरडी आहे ना?"

मला दिसत होती. घंटा कोरडीच होती. ओटा मात्र दिसत नव्हता. तो अख्खा पाण्याखाली गेला होता.

"आपण उचलला त्याला," काकू म्हणाल्या. आमच्या वस्तीत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर राहतो, वकील राहतात, मी राहतो. नंदी वर गेला म्हणजे खूणही वर गेली, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! इतकी माणसं एकदम इतकी आंधळी कशी होतात?

काकूंनी थाळी बडवायला घेतली. बडवता बडवता थाळीला पोचे आले. खालची आळी जीव घेऊन पळाली आणि वाचली. शेवटच्या घराकडे जायची वाट मात्र तोवर बुडाली होती. खालच्या आळीतला देवीलाल आणि दोन-तीन जण ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन पोहत गेले. मानीबाईनं पत्रा सरकवून सुनेला आणि बाळाला छपरावर ढकललं होतं. ती स्वतः आतच होती, तोच भिंत बसली. ती सापडली दुसऱ्या दिवशी, पुलापाशी.

पूरग्रस्तांना काकूंच्याच जुन्या शाळेत ठेवलं होतं. मानीबाईचे दिवस झाल्यावर काकू तिथे गेल्या. सोबत मी होतो. वर्गात उज्ज्वला बाळाला घेऊन बसली होती. काकूंना पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि आपणहून सांगायला लागली.

"पाणी कमरेले लागलं तवा म्या म्हटलं, आई, निघू. त आई म्हणे, थांब. मास्तरीणबाईनं सांगतलं हाय, उतरते आता पाणी. छातीले लागलं तरी तेच म्हणे."

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. गेलेल्या माणसाची आठवण सांगावी तसं ती सांगत होती. मला मात्र तिथं उभं राहवेना.

उज्ज्वलेला पाणी प्यायला उठायचं होतं. तिनं बाळ काकूंपुढे धरलं. "धरा जरासं, काकू."

काकू दोन पावलं मागे सरकल्या. "माझ्या हातात देऊ नको गं," त्या म्हणाल्या.