कागदाच्या टोप्या घातलेली कणसं

आमच्या घरात पाटीच्या आधी पत्रकं आली. वडील चळवळीत होते. मोर्चा संपला की उरलेले गठ्ठे घरी यायचे. कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजूवरून वाचायला शिकले. म्हणूनच असेल, पत्रकात लिहिलेलं माणसं करतात, असं मला फार वर्षं वाटत राहिलं.

गेल्या वर्षी, वडिलांच्या माघारी, ब्राह्मणपुरीजवळच्या आमच्या गावात पाच घरांनी पारावर बसून दादर पेरायचं ठरवलं. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची उंच ज्वारी. गावात पपई आणि केळी आली, तेव्हापासून तिची भाकरीही विकतच्या पिठाची. पाचही वावरं एकमेकांना लागून निवडली होती, कारण दादर एकट्यानं पेरायचं पीक नाही. शिवारभर असली तर पाखरं थोडं इथलं, थोडं तिथलं खातात. एकाच वावरात असली तर सगळी तिथंच उतरतात. जुनं बियाणं मामाकडचं, त्याच्याकडेही ते शेवटचंच. त्या ठरावाचं पत्रक मी लिहिलं.

पेरणीच्या आठवड्यात बाकीच्या चौघांनी मका टाकला. व्यापारी तो बांधावरून उचलणार होता, नवापूरच्या कोंबड्यांसाठी.

“म्हणजे आपल्या ताटाआधी कोंबडीचं ताट!” मी शेजारच्या काकांना म्हणाले.

काका हसले. “ताई, कोंबडी पैसा देस. तुन्हं पत्रक काय देस?”

मी दादरच पेरली.

दाणा भरायला लागला आणि पाखरं आली. मी माळ्यावर चढले. राखणीसाठी बांधलेलं मचाणच ते. हातात गोफण, पायाशी वाजवायला तेलाचा रिकामा डबा. चारी बाजूंना मका शांत उभा, त्याला राखण नको. आरडाओरड फक्त माझ्या वावरात. घरी आई जेवणाचं विचारायची तेव्हा मी मानेनंच उत्तर द्यायचे. बोलायला आवाज उरलेला नसायचा.

सगळं पीक वाचणार नाही हे लवकरच कळलं. मग निदान बियाणं वाचवू, पुढच्या वर्षी पाचही घरांना पुरेल एवढं. सगळ्यात भरदार कणसं निवडली आणि उरलेल्या पत्रकांच्या पिशव्या करून सुतळीनं त्यांच्यावर बांधल्या. लांबून वाटायचं, वावरात टोप्या घातलेली माणसं उभी आहेत. मोर्च्यासारखी.

“यंदा हुरडा तुन्हाकडेच!” काकांनी परस्पर जाहीर केलं आणि एका दुपारी चारही घरं आली. पोरं दादरच्या उंच ताटांमधून धावत होती, बाया हसत होत्या, कुणी काकांच्या टकलावरून विनोद करत होतं. त्या गलक्यात एकही पाखरू खाली उतरलं नाही. मी गोफण बाजूला ठेवून बांधावर बसले. पत्रकात मला जे लिहायचं होतं, ते हेच होतं.

मग चटणी आणि दही आणायला घरी गेले.

परत आले तेव्हा आगटी छान फुलली होती. पेटवायला माझीच पत्रकं वापरली होती. आरात कणसं भाजत होती, सगळी भरदार.

“वा ताई!” काका हात चोळत होते. “चांगलं चांगलं आमनासाठे झाकी ठेवं व्हतं!”

पाहुण्यांसाठी यजमान चांगलं ते राखून ठेवतो, एवढाच त्यांचा हिशेब.

“काका, ते बियाणं होतं.”

काकांचे हात थांबले. आगटीत गोवरी तडकली.

“मंग सांगानं ना!” काका हळूच म्हणाले.

काकूंनी गरम दाणे हातावर चोळले, फुंकर मारली आणि माझ्या मुठीत दिले. “खाय व माय. आते भाजायी गयं.”

मी खाल्ले. गोड होते. त्याचाच जास्त राग आला.

उन्हं उतरली तशी माणसं गेली. त्यांचे आवाज पांदीच्या वाटेवर विरायच्या आत पाखरं परतली. मी माळ्यावर चढले.

शेवटी हाती लागलं ते अर्धं मडकं बियाणं. एका वावरालाच पुरेल एवढं, आणि एकाच वावराचं काय होतं ते मी पाहिलं होतं. म्हणून यंदा पत्रक लिहिलं नाही. जुन्या पत्रकांच्या पुड्या बांधल्या आणि घरोघर ओंजळभर देऊन आले.

“एवढामा काय व्हई?” काकांनी विचारलं.

“बांधालगत एक ओळ टाका.”

त्यांनी पुडी खिशात घातली. टाकतो म्हणाले नाहीत, नाही असंही म्हणाले नाहीत.

माझी ओळ उगवली आहे. संध्याकाळी मी रस्त्यावरून चौघांच्याही बांधांकडे बघत जाते. हिरवं दिसतं. पण कोवळेपणी मका आणि ज्वारी लांबून सारखीच दिसतात, आणि दुसऱ्याच्या वावरात उतरून बघायला माझं पाऊल उचलत नाही.