पस्तीस किलो समुद्र

"साहब, ये तो डूब गई," भैयाजी म्हणाले.

काचेच्या टाकीच्या तळाशी माझी साडेचार फुटी पाणबुडी टेकली होती. तिचा पंखा तळाला घासून कुरकुरत होता.

"डूबी नहीं, डाइव्ह मारी है," मी म्हणालो. नौदलात बावीस वर्षं पाणबुडीवर इलेक्ट्रिकलचं काम केलं. घाबरलो तरी चेहरा सरळ ठेवता येतो.

साडेनऊ झाले होते. अकराला मुलं येणार. उज्जैनच्या माधव नगरातल्या या शाळेच्या मुख्याध्यापिका नलिनीताई एका खोलीसाठी कमिटीशी भांडत होत्या. त्यांना तिथे विज्ञानाची मॉडेल्स हवी होती. कमिटीतले भैयाजी तिथे मोडके बाक ठेवणार होते. ठरलं असं, की आज पाणबुडी नीट चालली तर खोली ताईंची, नाहीतर बाकांची. आणि पाणबुडी करणारा मी. नानाखेड्यात घराच्या गच्चीवर मॉडेल्स बनवतो आणि शेजाऱ्यांना नौदलाच्या गोष्टी सांगून पिडतो.

"एक बात बताओ," भैयाजी म्हणाले, "डीज़ल पानी के अंदर जलता कैसे है?"

"जलता ही नहीं, भैयाजी."

डिझेल इंजिनाला हवा लागते. म्हणून बोट वर असताना इंजिन चालतं आणि बॅटऱ्या चार्ज करतं. खाली गेल्यावर इंजिन बंद, मोटर बॅटरीवर. आवाज जवळजवळ नाही, म्हणूनच अशी लहान बोट सापडायला अवघड. बॅटरी उतरली की पाण्याबाहेर एक नळी काढायची, हवा ओढायची, पुन्हा चार्जिंग.

डुबकीचं काम बॅलास्ट टँकचं. त्यात पाणी घेतलं की बोट खाली, दाबाच्या हवेने पाणी बाहेर ढकललं की वर. खरी मेख मधे आहे. खाली गेल्यावर बोटीचं वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याइतकंच हवं. मग ती ना बुडते ना वर येते, मधेच तरंगते. हे जमवणं म्हणजे ट्रिम. लहान बोटीत चार जण जेवायला पुढे गेले तरी नाक खाली जातं.

माझी बोट मात्र अख्खीच खाली जात होती. टँकमध्ये हवा भरली, वर आली. पाणी घेतलं, धप्प.

"गळतंय का?" ताईंनी विचारलं.

बोटीच्या पारदर्शक बाजूतून आत पाहिलं. कोरडं ठणठणीत. पंप तपासला, वायर तपासली. मग टाकीवर राग काढला. "पाणी कुठलं भरलंय हे?"

"नळाचं. बोअरिंगचं खारट येतं ना, तुमची बोट खराब होईल, म्हणून मी मुद्दाम गोडं भरून घेतलं."

मी स्टुलावर बसलो.

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा शेकडा अडीच जड. बावीस वर्षं समुद्राचाच आकडा धरून गणितं केली, इथेही हात आपसूक त्याच आकड्यावर गेला. वीस किलोच्या बोटीत वजनासाठी घातलेलं शिसं अर्धा किलो जास्त. उज्जैनला समुद्र नाही, हे मला माहीत होतं. गणिताला सांगायचं राहिलं होतं.

"मग शिसं काढा ना."

"झाकण सील केलंय, ताई, आणि टँक कमी भरायची सोय ठेवलेली नाही. उघडून परत चिकटवलं तर सुकायला एक दिवस."

"आता?"

"मीठ लागेल."

"किती? वाटीभर?"

"पस्तीस किलो. टाकी हजार लिटरची आहे."

आम्ही दोघं भैयाजींकडे पाहू लागलो. फ्रीगंजात त्यांचं किराण्याचं होलसेल दुकान आहे.

"मतलब मेरा ही नमक, और मेरे ही खिलाफ़?" ते म्हणाले. पण फोन लावला.

सव्वादहाला दोन गोण्या आल्या. मी पँट वर दुमडून टाकीत उतरलो आणि क्रिकेटच्या स्टंपने ढवळत सुटलो. अकरा वाजले तेव्हा तळाशी बरंच मीठ तसंच होतं आणि माझे दंड भरून आले होते. मुलं ओळीने बसली. ताईंनी डोळे मिटले होते, हे मी पाहिलं.

बटण दाबलं. बोट खाली गेली, सावकाश. आणि मधोमध थांबली. फळीवर ठेवावी तशी. मुलांनी टाळ्या पिटल्या. भैयाजी टाकीभोवती दोन फेऱ्या मारून आले. "तार-वार तो नहीं बाँधा?"

"ट्रिम है, भैयाजी," मी गंभीरपणे म्हणालो.

ट्रिम कसली! मीठ नीट मिसळलंच नव्हतं. खालचं पाणी दाट, वरचं पातळ, आणि बोट त्या दाट थरावर आरामात टेकली होती. समुद्रातही असे थर सापडतात. पूर्ण ढवळलं असतं तर इतकी नेमकी मधोमध ती कधीच थांबली नसती. टाळ्या मिळाल्या त्या माझ्या दमलेल्या हातांना.

मुलं गेल्यावर ताईंना सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या, की चहा सांडला. खोली त्यांना मिळाली. बाक शाळेच्या गच्चीवर गेले, भैयाजींनीच चढवून घेतले.

आता कुठलंही मॉडेल टाकीत सोडण्याआधी मी हाताचं बोट बुडवून पाणी चाखतो. आकडेमोड त्यानंतर.