फ्लेक्सचं छप्पर

नाल्याकाठच्या एका झोपडीत परवा मला माझे वडील दिसले. अप्पा उन्हाळ्यात गेले, तेव्हा त्यांच्या मित्रांनी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता. तेराव्यानंतर तो कोणी काढून नेला, ते कळलं नव्हतं. आता तो इथं बांबूंवर ताणून बांधलेला होता, छापील बाजू आत करून. वरून ऊन पडलं की अप्पांचा हसरा चेहरा उजळायचा. खालचं ‘भावपूर्ण’ मात्र चुलीच्या धुरानं काळवंडलं होतं.

दाराशी एक बाई तांदूळ निवडत बसली होती. “चेहरा आत का केलात?” मी विचारलं.

“भायेर ठेवला तर उन्हानं पुसून जातो,” ती म्हणाली. “पोरं त्यांच्याकडं बघत झोपत्यात. तुमच्या वळखीचे हायेत का?”

मी नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, मलाही सांगता येणार नाही.

जगात कुठंही गेलं तरी असंच असावं. कुठं फुटक्या होडीचं शीड छप्पर होतं, कुठं मोडक्या मोटारीचं दार भिंत होतं. कोणाचं तरी संपलेलं असतं आणि त्याच्या आडोशाला दुसरं कोणी दिवस काढतं. तात्पुरतं म्हणून बांधलेल्यातच आयुष्य सरतं.

आमच्या घरी अप्पांचा फोटो अजून त्यांच्या खुर्चीवरच टेकवलेला आहे. घसरू नये म्हणून पुढं त्यांचीच काठी आडवी लावली आहे. मी खिळा-हातोडी काढली की आई म्हणते, “राहू दे. तूर्त तिथंच बसू देत.”